आरोपीचे वकीलपत्र आणि पट्ट्याचा जामीनदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रांमध्ये गेल्या आठवड्यात एका वाचकाने उत्तर गडचिरोलीतील आमच्या तालुका वकील संघाचे अभिनंदन केले आहे. शेजारच्या गावात एका मुलीच्या बाबतीत घडलेल्या अमानुष गुन्ह्यातील आरोपीचे वकीलपत्र संघाचा कोणीही सदस्य घेणार नाही, असा ठराव संघाने केला. वकिलांमध्येही माणुसकी शिल्लक आहे, हे त्यावरून दिसले, असे त्या वाचकाचे म्हणणे आहे. ज्या बैठकीत हा ठराव झाला त्या बैठकीला मी हजर होतो आणि विरोधात हात वर करणाऱ्या दोघांपैकी एक होतो. त्या गुन्ह्याबद्दल मला त्या वाचकाइतकाच संताप आहे. ज्या घरावर तो प्रसंग ओढवला त्या घरी मी दोनदा जाऊन आलो. तरीही तो ठराव चुकीचा आहे, बेकायदा आहे, आणि ज्या कुटुंबासाठी तो केला म्हणतात त्यांचेच नुकसान करणारा आहे, असे माझे मत आहे. ते बैठकीत नीट मांडता आले नाही, म्हणून या पत्राची तसदी देत आहे.

प्रथम कायद्याचे. असा ठराव आमच्या संघाने पहिल्यांदा केला असे नाही. कोइमतूरच्या वकिलांनीही एकदा असाच ठराव केला होता, आणि मजा अशी की तेथे आरोपी पोलीस होते व मारहाणीची तक्रार एका वकिलाची होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, अमुक आरोपीची बाजू कोणी मांडू नये असा कोणत्याही वकील संघाचा ठराव राज्यघटनेच्या, कायद्याच्या आणि व्यवसायाच्या नीतीच्या विरुद्ध असून तो रद्दबातल आहे. म्हणजे आमच्या बाररूमच्या फलकावर चिकटवलेल्या कागदाला कायद्याने काडीचीही किंमत नाही. पण त्याची भीती मात्र आहे, कारण तालुक्यात वकील मोजून वीस-बावीस आणि सगळ्यांना रोज त्याच एका खोलीत बसायचे असते.

आमच्याकडे फार बोलणाऱ्या पोराला आजही ‘मोठा बॅरिस्टर लागून गेला’ असे म्हणतात. खरे तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार ही सगळी उतरंड संपवून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग ठेवला. परंतु चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यामुळे ती पदवी आमच्या भागात आदराने अजून टिकून आहे. ज्या इंग्लंडातून ती आली तिथे बॅरिस्टर पक्षकाराकडून थेट काम सहसा घेत नाही, सॉलिसिटर त्याच्यासाठी कागद तयार करून आणतो. पण तिथला एक जुना नियम मला फार मोलाचा वाटतो. अड्ड्यावर रांगेत पहिला उभा असलेला गाडीवाला जसा येईल त्या प्रवाशाला नेतो, तसे आपल्या विषयातले, आपल्याला वेळ असलेले आणि वाजवी फी मिळणारे काम बॅरिस्टरने, पक्षकार आवडो न आवडो, स्वीकारलेच पाहिजे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतही हेच आहे. आपण ज्या न्यायालयात वकिली करतो तेथील काम आपल्या दर्जाला साजेशा फीवर स्वीकारण्यास वकील बांधील आहे, आणि नकार द्यायचा तर त्याला काही विशेष कारण लागते. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण त्यात बसत नाही.

ज्या बॅरिस्टराचे नाव आमच्या प्रत्येक गावातल्या चौकात आहे त्यांनी हा नियम पाळून दाखवला होता. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर त्यांच्या मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या काळात कर्व्यांचे नाव घेणेसुद्धा अनेकांना विटाळ वाटे. खटला हरला, पण वकील मागे हटला नाही. पुढे घटना समितीत, सप्टेंबर १९४९ मध्ये, अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे कळवली पाहिजेत, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे आणि स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून त्याला अडवता येणार नाही, हे कलम त्यांनीच मांडले. आज ते कलम २२ म्हणून ओळखले जाते. आमच्या बाररूममध्ये त्यांची तसबीर आहे. ठरावाचा कागद तिच्याखालच्याच फलकावर लावलेला आहे, आणि हे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

ठरावाने त्या कुटुंबाचे नुकसान कसे होते, तेही सांगतो. वकिलाशिवाय चाललेला गंभीर गुन्ह्याचा खटला वरच्या न्यायालयात टिकत नाही. गरीब आरोपीने वकील मागितला नाही म्हणून दिला नाही, ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सुकदास यांच्या प्रकरणात सांगून शिक्षा रद्द केली होती. मुंबईवरच्या हल्ल्यातील कसाबलाही वकील दिला गेला, आणि २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा हजर करतानाच आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यामुळे आम्ही नाही म्हटल्याने आरोपीला वकील मिळायचा राहत नाही. मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला दुसऱ्या तालुक्यातून माणूस आणावा लागतो, दोन-तीन तारखा त्यात जातात, आणि ज्या आईला साक्ष देऊन एकदाचे मोकळे व्हायचे आहे ती प्रत्येक तारखेला एसटीने येऊन परत जाते.

आता त्या वाचकाच्या पत्रातील एका शब्दाबद्दल. त्यांनी सगळीकडे ‘नराधम’ असे लिहिले आहे. या एका प्रकरणात कदाचित तो शब्द पुढे खराही ठरेल. पण ठराव एका माणसाबद्दल केला तरी त्याची सवय सगळ्यांबद्दल लागते, आणि उत्तर गडचिरोलीच्या तालुका न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात रोज उभा राहणारा माणूस कोण असतो, हे सत्तावीस वर्षे पाहिल्यावर मी सांगू शकतो. मोहफुलाची दारू गाळताना सापडलेली बाई असते, कारण १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि पिणारा पकडला जाण्याआधी गाळणारी पकडली जाते. बांधावरून भावाशी डोकेफोड केलेला शेतकरी असतो. जंगलातून सागाचे दोन फाटे आणलेला म्हातारा असतो. छत्तीसगडच्या सीमेकडून आलेला, गोंडी आणि छत्तीसगडी बोलणारा आणि मराठी अर्धवट समजणारा मजूर असतो. अटकेची कारणे त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असे आता सर्वोच्च न्यायालय सांगते, पण आमच्याकडे त्याला काय समजले ते न्यायालयाला सांगायला बहुतेक वेळा त्याच समाजाचा एखादा शिपाईच पुढे येतो, आणि तो रजेवर असला की कोणीच येत नाही.

रविवारी किंवा सणाच्या दिवशी अटक झाली तर आरोपीला न्यायाधीशांच्या निवासस्थानी हजर करतात. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी, ओसरीवर एक टेबल, त्यावर रिमांडचा अर्ज. दहा मिनिटांत पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) ते ठरते. त्या दहा मिनिटांत ‘मारले का?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि ज्याला पुन्हा त्याच गाडीत बसायचे आहे तो ‘नाही’ म्हणतो. तिथे वकील असला तर तो पाठीवरचा वळ दाखवू शकतो, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस का दिली नाही असे विचारू शकतो, अटकेच्या पंचनाम्यावरची वेळ आणि पोलीस डायरीतली वेळ जुळत नाही हे दाखवू शकतो. मानवी हक्क म्हणून व्याख्यानांत जे सांगितले जाते त्याचा आमच्या तालुक्यातला सगळा कारभार त्या ओसरीवरच्या दहा मिनिटांत आटोपतो. १९९३ च्या कायद्यात मानवी हक्क न्यायालयांची तरतूद आहे हे खरे, पण त्या नावाने कोणी अर्ज केलेला माझ्या वकिलीत मी अजून पाहिलेला नाही.

आणि वकील असूनही काय होते, याचा एक अनुभव लिहितो, कारण ठरावापेक्षा मला त्याचीच खंत अधिक आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात, मृग लागून आठ-दहा दिवस झाले असतील, एका शेतातून पाण्याची मोटार चोरल्याच्या आरोपावरून कोरची भागातल्या एका बावीस वर्षांच्या मुलाला अटक झाली. पाचव्या दिवशी मी जामीन मिळवला : पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आदेश वाचून दाखवला तेव्हा मुलाचा बाप माझ्या पाया पडला. मी दुसऱ्या कामाला लागलो. दोन दिवसांनी बाप परत आला. त्याने धोतराच्या सोग्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, लॅमिनेशन केलेला एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. तो त्याच्या भावाचा वनहक्काचा पट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद होता, नवरा-बायको दोघांच्या नावाचा, फोटो लावलेला. भाऊ जामीनदार राहायला तयार होता आणि मागेच उभा होता. कार्यालयातल्या लिपिकाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “बाबाजी, हे नाही चालत. सातबारा पायजे, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला.”

लिपिकाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाच्या नावे करून देता येत नाही. ती आदिवासीच्या हातून सुटू नये म्हणूनच कायद्याने असे बांधून ठेवले, आणि ते योग्यच आहे. परंतु जामीनदाराची ऐपत म्हणजे आरोपी पळाला तर ज्यातून रक्कम वसूल करता येईल अशी मालमत्ता, असा हिशोब धरला की, जी जमीन विकता येत नाही ती मोजणीतच येत नाही. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित सातबारा आहे अशा आदिवासी शेतकऱ्याच्या जमिनीवरही हस्तांतराचे निर्बंध असतात. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर पुन्हा परवानगीचा प्रश्न. उरला बिगर-आदिवासी खातेदार, आणि त्याच्या सातबाऱ्यावर सेवा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. जो जिल्हा मेंढा-लेखाच्या सामूहिक वनहक्कासाठी देशभर सांगितला जातो, त्याच जिल्ह्यात हक्काचा पट्टा मिळालेला माणूस आपल्या पुतण्याचा जामीनदार होऊ शकत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. वीस-पंचवीस वर्षे मी हेच काम करत होतो आणि तोवर दिसली नव्हती.

त्यानंतर बापाने मुलाच्या मामाला आणले. त्याची शेती सीमेपलीकडे, राजनांदगाव जिल्ह्यात होती, म्हणून तो स्थानिक नाही या कारणाने नाकारला गेला. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात, हे तालुक्याला ठाऊक आहे. एकाच सातबाऱ्यावर किती जणांचा जामीन घेतला गेला ते मोजायला कोणी बसत नाही. त्यातल्या एकाने चार हजार मागितले. बापाकडे ते नव्हते आणि मी त्याला तो रस्ता सुचवणारही नव्हतो. रोवणी झाली, पोळा झाला. दर पंधरा-वीस दिवसांनी तो बाररूमच्या पायरीशी येऊन बसे आणि एकच विचारी, “साहेब, जामीन झाला मंता, मंग पोरगा काहून घरी येत नाही जी?”

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर १९७८ सालीच दिले होते. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते आदेश बाजूला सारून हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर त्याला सोडले. शिवाय ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट निर्देश दिले : जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करता येईल का, हे न्यायालयाने आपणहून पाहावे. म्हणजे सगळे कागदावर तयार होते. मी तो अर्ज पहिल्याच महिन्यात करायला हवा होता. बाप कोणाला तरी आणेलच, या भरवशावर मी राहिलो. हा दोष माझा. अर्ज केल्यावर न्यायालयाने दुसऱ्याच तारखेला वैयक्तिक जातमुचलक्यावर मुलाला सोडले. तोवर चार महिने अकरा दिवस झाले होते आणि धानाची कापणी सुरू झाली होती.

पुढचेही सांगायला हवे. दीड वर्ष तारखा चालल्या. एक पंच कामासाठी तेलंगणात गेलेला, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. प्रत्येक तारखेला मुलाचा दिवस बुडे आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. एक दिवस तो म्हणाला, “साहेब, कबूल करून टाकतो. तारखेले येऊन येऊन मजुरी बुडाली.” केस कमकुवत आहे, थांब, असे मी त्याला दोनदा समजावले. त्याने कबुली दिली. कारागृहात काढलेले दिवस हीच शिक्षा धरली गेली आणि वर थोडा दंड. मोटार त्याने नेली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्याच्या नावापुढे गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद मात्र कायमची लागली, आणि पुढच्या वेळी गावात काही चोरीला गेले की पोलीस आधी कोणाच्या घरी जातील, ते सांगायला वकील लागत नाही.

देशातील तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यातील ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी, म्हणजे चारांत तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. यात जामीन मंजूर असूनही आत राहिलेले किती, हे वेगळे काढले तर त्या आकड्यात आमच्या भागातले बाप-लेक दिसतील. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम भरण्याची योजना आणली, तिचा उपयोग आहे. पण ती रोख भरण्याच्या बाबतीत. जिथे आदेशात जामीनदार लिहिला आहे तिथे माणूस लागतो, आणि माणूस योजनेतून येत नाही.

फौजदारी वकिलीचे काम तालुक्याच्या न्यायालयातच संपते, असेही नाही. निवडणूक जवळ आली की तडीपारीच्या नोटिसा निघतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येते आणि त्यासाठी ज्यांची नावे सांगितली जात नाहीत अशा साक्षीदारांचे जबाब पुरतात. एमपीडीए या धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या प्रतिबंधक कायद्याखाली तर खटल्याशिवाय बारा महिने स्थानबद्ध करता येते. अशा आदेशाविरुद्ध अपील, निवेदन, आणि शेवटी नागपूर खंडपीठात रिट याचिका. म्हणजे पहाटे पाचची एसटी, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे, आणि नागपुरातल्या एखाद्या मित्राचे वकीलपत्र. इथे फौजदारी कायदा आणि सरकारच्या अधिकारांना लगाम घालणारा कायदा यांची सीमारेषा उरत नाही. एकाच माणसाची ती एकच फाईल असते. फक्त वर्षभराने तिच्यावर उच्च न्यायालयाचा क्रमांक पडतो.

नागपूरला जाण्याची ताकद नसती तर काय झाले असते, याचे अलीकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये प्राध्यापक साईबाबा आणि इतर पाच जणांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषी ठरवले. खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना सोडले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून अपील पुन्हा ऐकायला सांगितले, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा सर्वांची निर्दोष मुक्तता केली. त्या सहांपैकी पांडू नरोटे हा आमच्याच जिल्ह्यातला आदिवासी तरुण होता. तो ऑगस्ट २०२२ मध्येच, कैदेत असताना, वारला होता. त्यांच्या विचारांशी माझे काडीचेही जमत नाही; पण त्यांचे वकीलपत्र कोणी घेतलेच नसते तर खंडपीठासमोर काय मांडले गेले असते, हा प्रश्न विचारांचा नाही.

वाचकांना असेही वाटू नये की हक्कांची भाषा करणारे वकील नेहमी आरोपीच्याच बाजूला असतात. आमच्या शेजारच्या देसाईगंजात, ज्याला आम्ही सारे वडसा म्हणतो, मार्च १९७२ मध्ये पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीने विरोध केल्याच्या खुणा नाहीत अशा कारणांवर, पुन्हा सोडले. त्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला आणि संमतीबाबतचे गृहीतक उलटले, म्हणजे संमती नव्हती असे तिने सांगितले तर न्यायालय तसेच धरून चालते. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तो खटला या भागातल्या माणसांनी लावून धरला नसता तर तो त्या पत्रापर्यंत पोचलाच नसता. पोलीस ठाण्याच्या आत काय होते ते विचारणारा वकील तालुक्यात हवा, हे तिच्यासाठीही तितकेच खरे होते.

आमच्या धंद्याची बदनामी काही उगीच झालेली नाही, हेही कबूल करतो. कारण नसताना तारखा मागणारे, साक्षीदार फितवणारे, पीडितेला उलटतपासणीत नको ते विचारणारे आमच्यात आहेत. त्यांच्याबद्दल ठराव करायचा असेल तर मी पहिला सही करीन. विधिज्ञ परिषदेकडे तक्रार करण्याची वाट मोकळी आहे आणि ती आम्ही कधी वापरत नाही. वकीलपत्रच घ्यायचे नाही, हा ठराव त्यापेक्षा फारच सोपा होता, म्हणूनच तो वीस मिनिटांत संमत झाला.

आपल्या माध्यमातून माझी संबंधितांना विनंती एवढीच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने सुट्टीच्या दिवसांच्या रिमांडसाठी तालुक्यातील पॅनेलवरच्या वकिलांची पाळी लावावी आणि ती यादी पोलीस ठाण्यात मराठीत व गोंडीत लावावी. आरोपींना मोफत वकील देणारे लोक अभिरक्षक कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, ते रविवारी इथे पोचू शकत नाही. वनहक्काचा पट्टा असलेल्या जामीनदाराचे काय करायचे, याविषयी जिल्हा न्यायालयाने एखादे परिपत्रक काढले तर लिपिकाचाही जीव सुटेल : पट्टा हा त्या माणसाचा ठावठिकाणा पक्का असल्याचा पुरावा मानावा, कारण ज्याची जमीन विकता येत नाही तो ती टाकून कुठे जाणार? आणि किरकोळ गुन्ह्यांत जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर सोडण्याचा विचार पहिल्याच तारखेला व्हावा, महिन्यानंतर नव्हे.

राहता राहिला ठराव. तो मागे घ्यावा, असा लेखी अर्ज मी संघाच्या सचिवांकडे दिला असून तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्या आरोपीचा मला कोणताही निरोप आलेला नाही. आला, तर वकीलपत्रावर मी सही करीन, आणि त्या मुलीच्या आईला ते मी स्वतः जाऊन सांगेन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वकील,
उत्तर गडचिरोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)